पारणं नसलेला उपवास

बीड जिल्ह्यातलं नेकनूर हे बंकटस्वामी महाराजांचं गाव. वारकऱ्यांचा वारसा इथल्या घराघरांत आहे, त्यामुळे एकादशी धरणारी माणसं मला कायम भेटत आली. एकादशीला पाणीसुद्धा न घेणारे आजोबा द्वादशीला सकाळी पारणं फेडतात. श्रावणी सोमवार संध्याकाळी सुटतो, नवरात्रानंतर दसरा येतो, मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं उद्यापन होतं. उपवास धरणारा माणूस तो सोडायच्या वेळेची वाट पाहतो, घरच्यांसोबत चार घास खातो आणि कामाला लागतो.

या भागात आरोग्यसेविका म्हणून फिरताना मला दुसऱ्या जातीचे उपवास दिसले. त्यांना पारणं नव्हतं. ते कुणालाही न सांगता सुरू झाले होते, महिन्यागणिक वाढत गेले होते, आणि ते धरणाऱ्या मुलीला किंवा मुलाला ते सोडायची भीती वाटत होती. वैद्यकात त्यांना खाण्याचे विकार म्हणतात. हे विकार मोठ्या शहरातल्या, श्रीमंतांच्या घरातल्या मुलींना होतात असा समज आहे. माझा अनुभव तसा नाही. ते बालाघाटच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरही आहेत. इथं ते उशिरा ओळखले जातात, एवढाच फरक.

उशीर का होतो, तेही सांगायला हवं. आमचा भाग दुष्काळाचा. कुणी जेवत नाही म्हटलं की घरात दाणे नसतील, असंच आधी मनात येतं. आमचं प्रशिक्षणही कुपोषणाचं, रक्तक्षयाचं, गरोदर बायांचं. घरात ज्वारीची कणगी भरलेली असताना, आई गरम भाकरी ताटात वाढत असताना एखादं लेकरू महिनोन्महिने उपाशी राहील, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. ते मला या लेकरांनीच शिकवलं. त्यांची ओळख पटू नये म्हणून पुढे तपशील थोडे बदलून सांगते आहे.

सुरुवात झाली मातीपासून. शाळेत आठवड्याची लोहाची निळी गोळी द्यायला आम्ही जात असू. एका शाळेत काही मुलींच्या ओठांच्या कडा पांढऱ्या दिसायच्या. बाईंनी सांगितलं, पाटीवरच्या पेन्सिली खातात, रागावलं तरी ऐकत नाहीत. मी एकेकीला बाजूला घेऊन गप्पा मारल्या. कुणी खडू खात होती, कुणी चुलीची माती, कुणी भिंतीचे पोपडे, कुणी मूठमूठ कच्चे तांदूळ. एकीने तर सांगितलं की पहिल्या पावसाचा वास आला की तिला राहवतच नाही. तिच्या आईलाही हीच सवय होती आणि आजीलाही. घरात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

अन्न नसलेली वस्तू महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ सतत खावीशी वाटणं, याला पायका म्हणतात. खाण्याच्या विकारांच्या यादीत त्याचीही नोंद आहे. लोहाच्या कमतरतेशी त्याचा जवळचा संबंध असतो. शरीरात लोह कमी पडलं की माती, खडू, बर्फ यांची ओढ लागू शकते. मातीतून जंतांची अंडी पोटात जातात, शिवाय काही प्रकारची माती अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. म्हणजे कमतरतेतून ओढ, आणि ओढीतून आणखी कमतरता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं, तेव्हा पेन्सिली खाणाऱ्या मुली प्रत्येक शाळेत सापडतील यात नवल नाही. त्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासलं, जंताची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या जेवणानंतर आणि चहापासून दूर घ्यायला सांगितल्या. बऱ्याच जणींची ओढ काही आठवड्यांत ओसरली.

त्या कामातून मला पुढच्या सगळ्या कामाची किल्ली मिळाली. मुलींना हसलं नाही, रागावलं नाही, तर त्या सांगतात. ‘जेवतेस का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं. ‘काल सकाळपासून काय काय खाल्लंस ते आठवून सांग’ म्हटलं की खरी गोष्ट बाहेर येते.

एकदा एक बाई माझ्याकडे अंधार पडल्यावर आल्या. गरोदरपणाच्या तपासणीची पट्टी हवी होती, आणि ती त्यांच्या शाळकरी मुलीसाठी. मुलीची पाळी चार-पाच महिने आली नव्हती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सासूला सांगितलं नव्हतं. बाईंच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. तपासणी केली. काहीही नव्हतं. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि निघाल्या. मी त्यांना थांबवलं, कारण सोबत आलेली मुलगी मला दिसत होती. उन्हाळा तोंडावर आलेला आणि तिच्या अंगात स्वेटर. हात हातात घेतला तर गार. दंडावर बारीक मऊ लव. नाडी मोजली तर पन्नासच्याही खाली.

शाळेतल्या आरोग्य तपासणीचं रजिस्टर काढून पाहिलं. वर्षभरापूर्वीच्या वजनापेक्षा आताचं वजन बरंच कमी होतं आणि उंची वाढलेली होती. वाढत्या वयाच्या लेकराचं वजन नुसतं थांबलं तरी चौकशी करावी लागते. इथं ते घसरलं होतं.

मग हळूहळू घरातलं चित्र उभं राहिलं. मुलगी वर्गात पहिली. वागण्यात शिस्तीची. आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग चतुर्थी, मग शनिवार. आजीला नातीचं कौतुक: ‘आमची पोरगी लई देवभोळी.’ पुढे उपवासाचा साबुदाणा तेलकट म्हणून बंद झाला, भगर बंद झाली, शेवटी लिंबूपाणी उरलं. नळ दारात असताना ती विहिरीवरून पाणी आणायची. भाकरी मात्र सगळ्या घरासाठी तीच करायची, धाकट्या भावाला आग्रह करकरून वाढायची, तो जेवताना समोर बसून बघायची. स्वतःचं ताट घेऊन ओसरीवर जायची आणि ते ताट कुत्र्यापुढे रिकामं व्हायचं. केस कंगव्यात भरभर यायचे. मैत्रिणींकडे जाणं बंद झालं होतं. आरशासमोर उभी राहून मनगटाभोवती बोटांचा वेढा घालून बघायची.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिला कुणी आजार म्हणणार नाही. देवाचं करते, घरकाम करते, अभ्यास करते, कमी खाते, मग मुलीत खोट ती काय? मला वाटतं, आमच्याकडे हा विकार इतका लपतो तो यामुळेच. मुलीचं कमी खाणं, मागून खाणं, उरलंसुरलं खाणं हे चांगल्या वळणाचं लक्षण मानलं जातं. म्हणून आता मी घरच्यांना सुट्या गोष्टी विचारत नाही. सहा महिन्यांत काय काय बदललं, ते विचारते. कोणते पदार्थ ताटातून गेले? कोणासोबत जेवायची, आता कुठं जेवते? हसणं-बोलणं कमी झालं का? पाळी कधी आली होती? उपवास सोडायला सांगितलं तर चिडते का, रडते का? या शेवटच्या प्रश्नात बरंच कळतं. देवासाठी उपवास धरलेल्या बाईला आजारपणात ‘औंदा राहू द्या’ म्हटलं तर ती देवाची माफी मागून जेवते. या मुलीला नुसत्या कल्पनेनेच धडकी भरली.

तिच्या वडिलांचा प्रश्न मी पुढे अनेक घरांत ऐकला: ‘इतकी शहाणी पोरगी, समजावलं तरी ऐकत कशी नाही?’ याचं उत्तर मला एका प्रशिक्षणात मिळालं. आम्हाला शिकवायला आलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रयोगाची माहिती दिली. १९४४-४५ साली ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस धडधाकट तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं, हे त्यांना शोधायचं होतं. त्या तरुणांना आधी मनाचा कसलाही आजार नव्हता. पण उपासमार जशी वाढली तशी ती मुलं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत, एकेक घास घोळवत तासन्‌तास जेवत. पोटभर मिळू लागल्यावरही त्यांचं मन लगेच ताळ्यावर आलं नाही.

त्या दिवशी माझ्या कामाला वळण मिळालं. उपासमारच माणसाचा विचार बदलते. मेंदूला अन्न मिळत नसताना त्याच मेंदूला ‘समजून घे’ म्हणणं व्यर्थ आहे. म्हणून उपचारात वजन आणि नाडी आधी सावरावी लागते, मनातलं धुकं त्यामागून निवळतं. ही गोष्ट वडिलांना सांगितली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरलेला मी पाहिला. मुलगी हट्टी नाही, आजारी आहे, हे त्यांना त्या क्षणी पटलं.

सगळ्यांचा आजार असा हाडं दाखवणारा नसतो. लातूरला नीटच्या तयारीसाठी ठेवलेली एक मुलगी सुट्टीला घरी आली. वजन वयाला साजेसं, चेहरा भरलेला. तिची आई दुसऱ्याच गोष्टीने हैराण होती. रात्रीतून डब्यातले शेंगदाण्याचे लाडू संपायचे, टोपलीतल्या भाकरी संपायच्या, सकाळी कुणीच कबूल व्हायचं नाही. मुलगी जेवली की लगेच न्हाणीत जायची आणि नळ सोडायची. कानाखाली दोन्हीकडे सूज होती, म्हणून आधी गालगुंडावर औषध झालं. मी पाहिलं तर उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर चट्टे होते. दातांना थंड सहन होत नव्हतं.

तिने सांगितलं ते मी विसरणार नाही. ‘सिस्टर, दिवसभर मी अभ्यास करते, काही खात नाही. रात्री मात्र मी माझी नसते. हात थांबतच नाही. मग सगळं बाहेर काढल्याशिवाय झोप येत नाही.’ चाचणी परीक्षेत गुण घसरल्यापासून हे सुरू झालं होतं. खोलीतल्या मुलींना तिने कधी कळू दिलं नव्हतं.

या विकाराला बुलिमिया म्हणतात. १९७९ मध्ये लंडनच्या जेराल्ड रसेल या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याचं वर्णन केलं. बोटांवरच्या त्या चट्ट्यांना त्यांचंच नाव आहे; घशात बोटं घालताना दात लागून ते उठतात. वजन नेहमीसारखं असल्यामुळे घरच्यांना संशय येत नाही, पण वारंवार उलटी काढल्याने शरीरातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तिची रक्ततपासणी तातडीने करून घेतली ती त्याचसाठी. उलटीनंतर लगेच दात घासू नकोस, साध्या पाण्याने चूळ भर, हेही मी तिला सांगितलं. उलटीतल्या आम्लाने दातांवरचं कवच मऊ झालेलं असतं, घासल्यावर ते आणखी झिजतं.

मुलंही यातून सुटलेली नाहीत. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आमच्या रस्त्यांवर पहाटे पळताना दिसतात. सोळाशे मीटरची धाव कमी वेळात मारायची म्हणून एका मुलाने आधी भाकरी सोडली, मग दूध सोडलं, मग दिवसातून दोनदा पळायला लागला. पायाला दुखापत झाली तरी थांबेना. सगळे म्हणायचे, पोरगं जिद्दीचं आहे. एके दिवशी रस्त्यातच चक्कर येऊन पडला. मुलांच्या बाबतीत पाळी चुकण्यासारखी खूण नसते, घरात स्वयंपाकावर त्यांची नजर नसते, आणि ‘मुलीचा आजार’ म्हणून त्यांना स्वतःलाच सांगायची लाज वाटते. दुखापतीतही व्यायाम थांबवता न येणं, व्यायाम चुकला तर जेवण चुकवणं, या त्यांच्याकडे पाहताना लक्षात ठेवायच्या खुणा.

ऊसतोडीला गेलेल्या एका जोडप्याची मुलगी मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. दिवाळीनंतर आईबाप कारखान्याच्या फडावर, मुलगी आजीपाशी. तिची तक्रार वेगळीच होती. पोट गच्च वाटतं, घास गळ्याखाली उतरत नाही, मळमळतं. आपण जाड आहोत असं तिला मुळीच वाटत नव्हतं. उलट वाळलेले हात दाखवून ती रडायची. सोनोग्राफी झाली, पोटाची औषधं झाली, देवऋषी झाला. काही सापडलं नाही आणि वजन उतरत राहिलं.

लठ्ठपणाची भीती नाही म्हणजे खाण्याचा विकार नाही, असं पूर्वी मानलं जायचं. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की त्यांच्याकडच्या अनेक रुग्णांना अशी भीती नसते. पोट भरल्यासारखं वाटतं, भूक नाही, एवढंच त्या सांगतात. भारतातल्या डॉक्टरांनीही असे रुग्ण पाहिले आहेत. आमच्या भागात तर मला असेच जास्त भेटले. म्हणून ‘तुला बारीक व्हायचंय का?’ या एका प्रश्नावर थांबून चालत नाही.

त्या मुलीशी बोलायला बरेच दिवस गेले. मी जायचे, आजीशी बोलायचे, तिच्याजवळ बसायचे. एका दुपारी ती आपणहून म्हणाली, ‘माय-बापू आले की माझं लगीन लावणारेत. मला कुणी विचारलं न्हाई. जेवणाचं तेवढं माझ्या हातात हाय.’

तिचं वय अठरापेक्षा कमी होतं. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे. अंगणवाडीताई आणि मी मिळून दोन्हीकडे कळवलं, आईबापांशी फोनवर बोललो, लग्न थांबलं. लग्न थांबल्यावर ती लगेच जेवू लागली असं मात्र झालं नाही. कारण दूर झालं तरी तोपर्यंत आजार स्वतःच्या पायावर उभा राहिलेला असतो. तिला उपचार लागले आणि वेळही लागला. पण खाण्याच्या मागे काय आहे ते ऐकून घेतल्याशिवाय ते उपचार सुरूच झाले नसते.

इतक्या वर्षांत बोलण्याचे काही नियम मी स्वतःपुरते ठरवलेत. ताटावर बसलेलं असताना आजाराबद्दल बोलायचं नाही. शरीराबद्दल शेरा मारायचा नाही, चांगलाही नाही. ‘आता कशी भरलीस!’ हे कौतुकाचे शब्द या मुलींना वजन वाढल्याची शिक्षा वाटतात. ‘आमच्या वेळी खायला नव्हतं’ हे म्हणायचं नाही; त्याने फक्त अपराधीपणा वाढतो. शपथा घालायच्या नाहीत. ‘तू गप्प-गप्प असतेस, मला काळजी वाटते, आपण दोघी मिळून डॉक्टरांकडे जाऊ’ एवढं पुरतं. पहिल्यांदा नकार येतो. काही दिवसांनी पुन्हा विचारायचं.

डॉक्टर आणि परिचारिकांसाठी पाच सोप्या प्रश्नांची एक चाचणी आहे. ब्रिटिश डॉक्टरांनी ती १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. मी ती माझ्या भाषेत विचारते. पोट नको इतकं भरल्यासारखं वाटतं म्हणून मुद्दाम उलटी काढतेस का? किती खातो यावर आपला ताबा राहिला नाही अशी काळजी वाटते का? तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलंय का? लोक बारीक म्हणतात तरी तुला स्वतःला जाड वाटतं का? सगळा दिवस अन्नाच्या विचारातच जातो का? दोन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ आली तर डॉक्टरांनी नीट तपासायला हवं. यातून निदान होत नाही, पुढे जायचं का ते कळतं. दोनपेक्षा कमी ‘हो’ आले आणि वजन मात्र घसरतंय, तरीही मी थांबत नाही.

काही खुणा दिसल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं असतं. उभं राहताना चक्कर येऊन पडणं, जागेपणी नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली, छातीत धडधड, पायांवर सूज, उलटीत रक्त, पाणीही न पिणं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं. खाण्याच्या विकारांत जीव जातो, उपासमारीनेही आणि आत्महत्येनेही. मनाच्या आजारांमध्ये सर्वात घातक म्हणून ज्यांची गणना होते, त्यांत हे विकार आहेत.

इथं सलाईनबद्दल बोलायलाच हवं, कारण आमच्याकडे अशक्तपणा म्हटला की घरचे आधी सलाईन मागतात. दीर्घ उपासमार झालेल्या शरीराला एकदम भरपूर साखर किंवा अन्न मिळालं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं, हृदय आणि श्वास धोक्यात येऊ शकतो. थायमिन हे जीवनसत्त्व कमी असेल तर ग्लुकोजमुळे मेंदूलाही इजा होऊ शकते. म्हणून महिनोन्महिने न जेवलेल्या मुलीला गावातच ग्लुकोजची बाटली लावून घेऊ नये, आणि ‘आज पोटभर खाऊ घालतेच’ म्हणून आईनेही इरेला पेटू नये. रक्त, ईसीजी तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली अन्न टप्प्याटप्प्याने वाढवायचं असतं.

आमच्या भागातली वाट साधारण अशी आहे. नेकनूरच्या सरकारी रुग्णालयात वजन, रक्तदाब, रक्त तपासून घ्यायचं. मग बीडचं जिल्हा रुग्णालय, किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथं फिजिशियन आणि मानसोपचार विभाग एकाच आवारात मिळतात, आणि या आजाराला दोघांची गरज असते. घरातून निघणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करायचा. १० ऑक्टोबर २०२२ ला ती सुरू झाली, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. आई-वडीलही करू शकतात, फोन रुग्णानेच करायला हवा असं नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मुळे उपचाराचा आणि गुप्ततेचा हक्क प्रत्येकाला आहे, हेही मी आवर्जून सांगते. कारण ‘वेड्याच्या डॉक्टरकडे नेलं तर लग्न कसं जमंल’ ही भीती मी जवळपास प्रत्येक घरात ऐकली. देवऋषाकडे किंवा देवाला जायचं असेल तर मी अडवत नाही. आधी रक्त तपासा, डॉक्टरांची तारीख घ्या, मग जा, इतकंच म्हणते. देवाशी भांडून मला कुठलीच मुलगी दवाखान्यात नेता आलेली नाही. देवाच्या बरोबरीने नेता आली.

पुढचं सगळं घरात घडतं. लहान वयाच्या मुलांसाठी घरच्यांच्या मदतीने उपचार ही पद्धत चांगली मानली जाते. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात ती आकाराला आली. सुरुवातीचे महिने काय आणि किती जेवायचं हा निर्णय आई-वडील घेतात, मुलगी सावरते तसा तो टप्प्याटप्प्याने तिच्याकडे परत देतात. हे आमच्या घरांना जमतं, कारण आमच्याकडे आजी असते, आत्या असते, चुलती असते. स्वेटर घातलेल्या त्या मुलीच्या घरी ठरलं की दिवसातून पाच वेळा कुणीतरी तिच्यासोबत बसून खायचं आणि जेवणानंतर तासभर तिच्याजवळ राहायचं. वडील रात्री शेतावरून लवकर येऊ लागले. आजीने स्वतःचा एक उपवास सोडला आणि नातीला म्हणाली, ‘मी देवाला सांगितलंय, तू बरी होईस्तोवर दोघींचे उपवास त्यानंच धरायचे.’ औषधांनी, समुपदेशनाने जे होतं ते झालंच, पण त्या वाक्याने मुलीच्या मनावरचं एक ओझं उतरलं.

ती बरी झाली. वेळ लागला, मधे एकदा घसरलीही. बारावीच्या वर्षी पुन्हा डबा न खाता परत येऊ लागला, तेव्हा आईने आठवड्याच्या आत मला गाठलं. लातूरची मुलगी समुपदेशन आणि गोळ्यांवर सावरली. बुलिमियात नैराश्यावरच्या काही गोळ्यांचाही उपयोग होतो. पळणारा मुलगा उपचार अर्धवट टाकून पुण्याला कामाला गेला आणि त्याचे घरचे आता त्याबद्दल बोलत नाहीत. सगळ्यांचं भलं झालं असं मी म्हणू शकत नाही. लवकर आले त्यांचं बरं झालं, हे मात्र मी खात्रीने सांगते.

या कामात अजून खूप उणं आहे. आहारतज्ज्ञ गावाच्या आसपास नाहीत. अंबाजोगाईची एक फेरी म्हणजे दोघांची रोजंदारी बुडते. आशाताईंच्या प्रशिक्षणात या विकारांना पुरेशी जागा नाही. तरी एक काम आजपासून बिनखर्चात होण्यासारखं आहे. शाळेत आणि अंगणवाडीत उंची-वजनाची नोंद होतेच. ती नोंद मागच्या नोंदीशेजारी ठेवून वाचायची. ज्या लेकराचं वजन वाढायच्या वयात उतरलं, त्याच्या घरी जायचं. दाणे आहेत का ते विचारायचं, आणि दाणे असतील तर मग बाकीचंही विचारायचं. शिक्षकांनी हे केलं, आईने उपवासांची संख्या वाढताना पाहून एकदा तरी ‘सोडतेस का?’ असं विचारलं, तर यातली बरीच मुलं पाच-सहा महिने आधी डॉक्टरांपर्यंत पोचतील. त्या पाच-सहा महिन्यांनी केवढा फरक पडतो, ते मी जवळून पाहिलं आहे.